फेरफार: सातबाऱ्यापासून स्टोअरपर्यंत

गाव नमुना सहाला महसूल खात्याच्या इंग्रजीत म्युटेशन रजिस्टर म्हणतात. आपण त्याला फेरफार नोंदवही म्हणतो. व्ह्यू या जावास्क्रिप्ट चौकटीच्या सोबतीला वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या व्ह्यूएक्स या साधनाचा मुख्य नियम असा होता, की स्टेटला, म्हणजे ॲपच्या सध्याच्या स्थितीला, थेट हात लावायचा नाही आणि बदल करायचा तर तो म्युटेशनमधूनच करायचा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्यात काजू बी खरेदीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका ॲपला स्टेट मॅनेजमेंट जोडण्याच्या खटपटीत हा नियम वाचनात आला आणि मला एकदम हस्तलिखित सातबारा आठवला. प्रत्येक नावाशेजारी वर्तुळात लिहिलेला फेरफार क्रमांक, गेलेल्या माणसाच्या नावाला घातलेला कंस, कुठेही खाडाखोड नाही. तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे, की 2015 साली रिडक्स या स्टेट सांभाळणाऱ्या साधनाने प्रोग्रामरांना जी शिस्त लावली तिचं सगळ्यात जवळचं कूळ आपल्या गावदप्तरात आहे.

आधी नेहमीचा इतिहास थोडक्यात. 1991 च्या सुमारास टिम बर्नर्स-ली यांनी बांधलेल्या वेबला आठवण नव्हती. प्रत्येक मागणी नवी, मागणारा दर वेळी अनोळखी. 1994 मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी कुकी आणली. मग पीएचपी, एएसपी, जावा यांची सत्रं आली आणि आठवण सर्व्हरवर राहू लागली. 2013 मध्ये फेसबुकने रिॲक्ट ही पानं रचण्याची चौकट खुली केली, 2014 मध्ये स्टेट सांभाळण्याची फ्लक्स ही रीत मांडली आणि 2015 मध्ये डॅन अब्रामोव आणि अँड्र्यू क्लार्क यांनी रिडक्स लिहिलं. पुढच्याच वर्षी नेक्स्ट जेएस आलं आणि सर्व्हरवर पान बनवून ते ब्राउझरमध्ये जिवंत करण्याची रीत सर्वांच्या हाताशी आली.

फ्लक्सच्या जन्माची गोष्ट मात्र एका ओळीत उरकण्यासारखी नाही. फेसबुकच्या चॅटमध्ये न वाचलेल्या संदेशांचा आकडा सतत चुकायचा. वर लाल ठिपका दिसायचा आणि उघडून पाहावं तर नवं काही नसायचं. दुरुस्त केलेला दोष काही दिवसांनी परत यायचा. कारण एकच होतं: तोच आकडा पानावर दोन-तीन ठिकाणी राहत होता आणि प्रत्येक ठिकाणचा कोड आपापल्या परीने तो बदलत होता. काजूच्या ॲपमध्ये माझ्यासमोर हेच आलं. वरच्या पट्टीत दिवसभरात आलेल्या बीचे एकूण किलो, मधल्या तक्त्यात शेतकरीवार वजन, खाली देणं बाकी. पान सर्व्हरवरून आलं की तिन्ही आकडे जुळायचे. कोणी वजन दुरुस्त केलं की तक्ता बदलायचा, पट्टी जुनीच राहायची. तीन जागांचे तीन मालक झाले, की खरं कोणाचं हे पानालाही ठाऊक नसतं.

गावच्या जमिनीचं दप्तर याच दुखण्यातून गेलं आहे. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज सर्व्हे अधिकाऱ्यांच्या काळापासून मुंबई इलाख्यात सर्व्हे झाला, शेताला नंबर पडले, आकार ठरला आणि तो साधारणपणे 30 वर्षांसाठी कायम केला गेला. त्या नोंदीत सरकारी देणं कोण भरणार हे होतं. पण दरम्यान शेत विकलं गेलं, गहाण पडलं, वारसांत वाटलं गेलं, तर ते टिपायला पक्की जागा नव्हती. सर्व्हे म्हणजे एका दिवसाची स्थिती होती. मधल्या वर्षांतल्या घडामोडी हवेत राहत. 1903 च्या मुंबई जमीन हक्कनोंदणी कायद्याने हक्कांची स्वतंत्र नोंद सुरू झाली आणि 1913 मध्ये ती जमीन महसूल संहितेतच नवं प्रकरण म्हणून बसवली गेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधली कलमं 149 आणि 150 हा त्याच झाडाचा आजचा शेंडा आहे.

त्या कलमांमागची कामाची रीत प्रोग्रामरने सावकाश वाचावी. हक्क मिळालेला माणूस वर्दी देतो. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, ती वर्दी नमुना सहामध्ये पुढचा अनुक्रमांक घालून लिहितात. हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण नमुना सहा-अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी सध्याचा सातबारा आणि वर्दीची कागदपत्रं समोर ठेवून फेरफार प्रमाणित करतात किंवा कारण लिहून रद्द करतात. प्रमाणित झाल्यावरच सातबाऱ्यावर नवं नाव चढतं, त्याशेजारी तो क्रमांक येतो आणि जुन्या नावाला कंस होतो. चूक झाली तर कलम 155 खाली आदेश होतो आणि दुरुस्तीचाही नवा फेरफार पडतो. सातबाऱ्यावर थेट लिहिण्याचा अधिकार या साखळीत कोणालाही नाही.

आता रिडक्स पाहा. घडलेली गोष्ट सांगणारी वस्तू म्हणजे ॲक्शन. ती वर्दी आहे. ती एकाच खिडकीतून पाठवायची, त्याला डिस्पॅच म्हणतात. सध्याची स्थिती आणि ॲक्शन दोन्ही हातात घेऊन पुढची स्थिती ठरवणारं फंक्शन म्हणजे रिड्यूसर. मंडळ अधिकाऱ्यांच्या टेबलावर तेच काम चालतं. ठरलेली स्थिती एकाच जागी, स्टोअरमध्ये राहते आणि पानाचे सगळे भाग तिथूनच उतारा घेतात. जुनी स्थिती खोडायची नाही, नवी तयार करायची. जुलै 2015 मध्ये पॅरिसच्या परिषदेत अब्रामोवने ॲक्शनची यादी मागे-पुढे नेऊन पान भूतकाळात नेलं तेव्हा सभागृह थक्क झालं. आपल्याकडे वकील शोध अहवाल काढताना हेच करतात: शेवटच्या नावाशेजारचा फेरफार क्रमांक घ्यायचा, तो फेरफार काढायचा, त्यातून आधीचं नाव, मग आधीचा फेरफार, असं मागे जात जात मूळ मालकापर्यंत पोचायचं.

जुन्या रिवाजातली एक बारीक गोष्ट तर मला विलक्षण वाटते. फेरफार लिहिला गेला पण प्रमाणित झाला नाही, त्या काळात सातबाऱ्यावर त्याची खूण पेन्सिलने करत आणि प्रमाणित झाल्यावर शाईने पक्की करत. आज ब्राउझरमध्ये बटण दाबताच निकाल दाखवायचा, सर्व्हरचा होकार आला की पक्का करायचा आणि नकार आला तर मागे घ्यायचा, या युक्तीवर मोठमोठी व्याख्यानं होतात. पेन्सिल आणि शाईत ती युक्ती पूर्ण होती.

माझ्या मताला प्रतिस्पर्धी आहेत, आणि ते कच्चे नाहीत.

पहिला दावा शब्दाचा. म्युटेशन इकडे, म्युटेशन तिकडे, म्हणून नातं. हा पुरावा मी स्वतःच बाजूला ठेवतो. प्रोग्रामरांचा शब्द बदलू शकणाऱ्या चलांच्या चर्चेतून आला, महसुलाचा मालमत्तेच्या हस्तांतरातून. शिवाय व्ह्यूएक्सची जागा घेणाऱ्या पिनियाने म्युटेशन हा प्रकारच काढून टाकला. नाव गेलं, तरी बदलांचा माग ठेवायची गरज गेली नाही. पिनियाच्या साधनपेटीतही बदलांची कालक्रमाने यादी दिसतेच.

दुसरा दावा फंक्शनल प्रोग्रामिंगचा. इव्हान चॅप्लिकी यांनी 2012 मध्ये प्रबंधातून मांडलेली एल्म ही भाषा, तिच्यातलं अपडेट फंक्शन आणि यादी घडी करत एक उत्तर काढणारं रिड्यूस, यांचं ऋण रिडक्सच्या कर्त्यांनी उघड मान्य केलं आहे. या पितृत्वाबद्दल वाद नाही. पण एल्म सांगते ते कोड कसा लिहावा हे. बदल आधी नोंदवायचा आणि स्थिती त्यातून काढायची हा क्रम माणसाला का सुचला, हा प्रश्न त्याहून जुना आहे.

तिसरा प्रतिस्पर्धी सगळ्यात बळकट: हिशेबाची वही. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार क्रमाने, खतावणीत खातेवार शिल्लक. पेशवे दप्तरात रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल आहेत. व्हेनिसमध्ये लुका पाचोली यांचं जमाखर्चाचं विवेचन 1494 मध्ये छापलं गेलं. इथे नातं नुसत्या साम्यावर थांबत नाही. डेटाबेसच्या व्यवहारांचा पाया घालणारे जिम ग्रे यांनी 1981 च्या निबंधात जागच्या जागी बदल करण्याच्या सवयीवर बोट ठेवलं आणि मातीच्या विटांवर किंवा कागदावर लिहिणारे हिशेबनीस कधीच पुसत नसत, चूक उलट नोंद करून फेडत, याची आठवण करून दिली. 2005 मध्ये मार्टिन फाउलर यांनी घटनांच्या नोंदीतून स्थिती काढायच्या पद्धतीवर लिहिलं. म्हणजे हिशेबाची वही हे या घराण्याचं मूळस्थान, हे मी मानतो.

तरीही रिडक्सची शाखा रोजकीर्दीच्या अंगाने जात नाही, हक्कनोंदीच्या अंगाने जाते, असा माझा आग्रह आहे. रोजकीर्दीतली नोंद शेवटी आकडा होते, आणि आकड्यांची बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी शिल्लक तीच येते. सकाळी 500 जमा आणि दुपारी 200 खर्च, किंवा उलट. संध्याकाळी 300 च. जमिनीत क्रम हेच सर्वस्व आहे. वडिलांच्या नावावरची कातळाची जागा मुलाने विकली, पण वारस फेरफार आधी पडलेला नाही, तर खरेदीची वर्दी टिकत नाही, कारण विकणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावरच नाही. तोच वारस फेरफार आधी झाला असता तर तीच वर्दी मंजूर झाली असती. निकाल वर्दीवर तर ठरतोच, पण ती ज्या स्थितीवर येऊन पडते त्या स्थितीवरही ठरतो. रिड्यूसर दोन गोष्टी हातात घेतो, स्थिती आणि ॲक्शन, तो याचसाठी. खतावणी करणाऱ्या कारकुनाला नोंद नाकारता येत नाही. मंडळ अधिकाऱ्यांना येते, आणि चांगल्या रिड्यूसरलाही आली पाहिजे.

अब्रामोवने सातबारा पाहिला होता, असं मी म्हणत नाही. ही चुलत घराणी आहेत. न पुसण्याचा नियम दोघांकडे हिशेबनिसांकडून आला. एक शाखा कंपनी सरकारच्या कचेऱ्या आणि देशी दप्तर यांच्या मिश्रणातून चावडीवर पोचली, दुसरी डेटाबेसच्या लॉगमधून ब्राउझरमध्ये. दोघांसमोर अडचण सारखी होती: विचारायला येणारा माणूस दर वेळी नवा, त्याला आत्ताची स्थिती हवी आणि ती कशी झाली हेही सांगता यायला हवं.

सर्व्हरवर पान बनवणाऱ्या ॲपला हे लागू करताना खरी मजा सुरू होते, कारण तिथे एका स्थितीच्या दोन प्रती होतात. सर्व्हर मागणी आली की स्टोअर बनवतो, त्यातून पानाचा एचटीएमएल काढतो आणि त्याच पानात स्टोअरमधली स्थिती जेसन रूपात चिकटवून पाठवतो. ब्राउझर पान लगेच दाखवतो, मग चिकटवलेली स्थिती उचलून आपलं स्टोअर भरतो आणि छापील पानात जीव ओततो. याला हायड्रेशन म्हणतात. म्हणजे सर्व्हरने उतारा दिला आणि त्या उताऱ्यावरून दुसऱ्या गावी नवं दप्तर उघडलं.

इथे पहिली खबरदारी स्टोअर दर मागणीला नवं बनवण्याची. ब्राउझरमध्ये एका माणसाचं एकच स्टोअर असतं, म्हणून ते फाइलच्या माथ्यावर एकदाच बनवायची सवय लागते. तीच फाइल सर्व्हरवर गेली की ते स्टोअर सगळ्या मागण्यांत सामाईक होतं आणि एका शेतकऱ्याची बाकी दुसऱ्याच्या पानावर उमटू शकते. दुसरी खबरदारी जेसन चिकटवताना '<' ही खूण सुरक्षित रूपात बदलण्याची, नाहीतर कोणी नावाच्या रकान्यात लिहिलेला मजकूर पानात कोड म्हणून चालू लागतो.

तिसरी खबरदारी दोन्ही प्रती जुळण्याची, आणि इथे सातबाऱ्याचा इतिहास डोळे उघडतो. हस्तलिखित सातबारे दर दहा वर्षांनी पुन्हा लिहिले जात. कंस झालेली नावं वगळून चालू नोंदी नव्या पानावर आणायच्या, म्हणजे घटनांच्या लांबलचक यादीवर एक ताजी स्थिती कोरायची. डेटाबेसवाले याला स्नॅपशॉट म्हणतात. या पुनर्लेखनात आणि पुढे संगणकीकरणात नावं गळली, क्षेत्र चुकलं, इतर हक्कातला बोजा राहून गेला. कोकणात एका हिश्श्याला मुंबईकर चुलत्यांसकट डझनभर नावं, सामाईक क्षेत्र, पोटखराबा वेगळा. तिथे एक नाव गळणं म्हणजे घरात भांडणाला निमित्त. म्हणून 2017 मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकावरचा सातबारा गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, हस्तलिखिताशी ताडायचा, चूक निघाली तर एडिट आणि री-एडिट मॉड्यूलमधून दुरुस्त करायची. हे पार पडत गेल्यावरच 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांच्या हाती येऊ लागला.

रिॲक्ट ब्राउझरमध्ये पान जिवंत करताना नेमकं हे वाचन करतं. सर्व्हरने छापलेलं आणि स्वतःच्या स्थितीतून निघणारं ताडून पाहतं, फरक दिसला की तक्रार करतं. काजूच्या ॲपमध्ये ही तक्रार तारखेवरून आली. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर, शेतकऱ्याचा फोन भारतीय वेळेवर. रात्री 12 ते पहाटे 5.30 या वेळेत आपल्याकडे नवी तारीख लागलेली असते आणि सर्व्हरकडे आदलीच. त्या काळात टाकलेली नोंद छापील पानावर कालची, जिवंत पानावर आजची दिसे. इलाज असा, की तारीख काढणं दोन ठिकाणी ठेवायचंच नाही. नोंद करतानाच भारतीय तारीख ठरवून ती स्थितीत घालायची, म्हणजे दोघांनी एकच शब्द वाचायचा.

2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा त्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक छापायला सुरुवात झाली, आणि प्रलंबित फेरफार आहे की नाही हेही कळू लागलं. माझ्या मते तो सगळ्या बदलांतला सगळ्यात मोलाचा बदल आहे. उतारा कितव्या नोंदीपर्यंत ताजा आहे हे उताराच सांगतो. तीच गोष्ट मी ॲपमध्ये घेतली. पानाबरोबर शेवटच्या नोंदीचा क्रमांक जातो, दुरुस्ती परत येताना तो सोबत येतो, आणि मध्ये दुसऱ्या कोणी बदल केला असेल तर सर्व्हर ती दुरुस्ती स्वीकारत नाही. ताजं पान देऊन पुन्हा विचारतो.

राहिला सत्तेचा मुद्दा, आणि रत्नागिरी जिल्ह्यात तो टाळून पुढे जाता येत नाही. खोती गावात कुळाकडून किती येणं, किती पोचलं याचा रोजचा हिशेब सारा गोळा करणाऱ्या खोताच्या घरी असे. हिशेब ज्याच्या हातात, शब्द त्याचा. 1880 चा खोती कायदा झाला, 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं, 1949 च्या कायद्याने खोती संपली आणि तो 15 मे 1950 पासून लागू झाला. पुढे कूळकायद्याखाली 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्यांची नावं मालक म्हणून चढू लागली. प्रत्येक नावाशेजारी फेरफार क्रमांक घेऊन. कसणाऱ्याच्या पोरांना आज तो फेरफार काढून दाखवता येतो, ही त्या साध्या नोंदवहीची केवढी मोठी कमाई आहे.

वेबनेही ही ठेच खाल्ली आहे. सुरुवातीच्या काही दुकानांच्या संकेतस्थळांनी वस्तूची किंमत फॉर्मच्या लपलेल्या रकान्यात ठेवली. गिऱ्हाइकाने पान साठवून किंमत बदलली आणि फॉर्म पाठवला, की सर्व्हर तीच खरी मानायचा. ब्राउझरमधलं स्टोअर कितीही नेटकं असलं तरी ते पक्षकाराच्या हातातलं दप्तर आहे. त्याने वर्दी द्यावी. प्रमाणित करण्याचं काम सर्व्हरवरच राहिलं पाहिजे.

म्हणून सर्व्हरवर चालणाऱ्या ॲपला स्टेट मॅनेजमेंट जोडायला निघालेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, की रिडक्स घ्यायचं की आणखी काही हे मागाहून ठरवा. आधी कागदावर आपल्या ॲपचा नमुना सहा लिहा. बी आली, वजन दुरुस्त झालं, भाव ठरला, पैसे दिले: अशी घडणाऱ्या गोष्टींची यादी करा. प्रत्येकीपुढे वर्दी कोण देणार, कोण तपासणार आणि कोणत्या स्थितीत ती नाकारायची हे लिहा. हरकतीच्या नोंदींना वेगळी जागा ठेवा. सातबारा, म्हणजे पानावर दिसणारं सगळं, या यादीतून काढता येतो. सातबाऱ्यावरून यादी काढता येत नाही. हा क्रम ज्याने पाळला त्याच्या ॲपमधला कोणताही आकडा का तसा आहे, याचं उत्तर क्रमांकासकट देता येतं.